पडेगावच्या हौदातली सात मिनिटं

भानामती, करणी, अंगात येणं... या सगळ्याविरुद्ध मी क्रांती चौकात भर उन्हात उभं राहून पत्रकं वाटलेली आहेत. "पुरावा दाखवा!" ही ओळ मी इतक्यांदा छापून घेतलीय की आमच्या घरच्या रद्दीतही तीच सापडते. त्यामुळं इथं लिहायला लाज वाटतेय, हे आधीच सांगते. पण या वेळी पुरावा माझ्याकडंच आहे आणि त्याचं काय करायचं ते मला कळत नाही.

कोकणातल्या एका खाडीच्या तोंडाशी एका कंपनीला जेट्टीसाठी तळ खोदायचाय. (खाडीचं नाव देत नाही, वाद अजून मिटलेला नाही.) त्यांच्या अहवालात एकच ओळ होती : "या भागात सागरी सस्तन प्राणी आढळले नाहीत." आढळणार कसे? यांची माणसं काठावर खुर्च्या टाकून दुर्बिणीतून बघत होती! ओहोटीला तिथलं पाणी असं पळतं, इतकं गढूळ असतं, की म्हैस वाहून गेली तरी दिसायची नाही. आणि तिथं राहतो तो भुलगा. डॉल्फिनच्याच नात्यातला, पण लहान, काळसर, पाठीवर उभा पर नसलेला. उड्या मारत नाही. श्वासापुरता वर येतो आणि जातो. तो बघायचा नसतो, ऐकायचा असतो.

मी संभाजीनगरची. समुद्र पहिल्यांदा पाहिला तोच ही खाडी वाचवायच्या मोहिमेत. तिथं भुलग्याचा अभ्यास करणाऱ्या मॅडमनी मला पाण्याखालचा माईक वापरायला शिकवलं. भुलगा सतत टिकटिक आवाज सोडतो आणि तो परत कसा येतो यावरून मासा शोधतो. माणसाच्या कानाला तो ऐकू येत नाही, कॉम्प्युटरवर बारीक उभ्या रेघा दिसतात. माईक एका जागी बांधला तर पळत्या पाण्याचाच खळखळाट भरतो. म्हणून होडीचं इंजिन बंद करून प्रवाहाबरोबर वाहत जायचं. आणि फेरी संपली की तोच माईक साचलेल्या शांत पाण्यात अर्धा तास ठेवायचा. ती फाईल कोरी यायला पाहिजे. कोरी आली म्हणजे यंत्र स्वतःहून खोट्या रेघा काढत नाही, हे सिद्ध होतं. आमच्या अहवालाला ती जोडावीच लागते.

शेवटच्या फेरीनंतर माईकची वायर ढिली झाली, म्हणून मी तो घरी आणला. अर्शदनं ती बसवून दिली. हा माझा कॉलेजातला मित्र, मूळचा खुलताबादचा, क्रांती चौकाजवळ त्याचं रिपेरिंगचं दुकान आहे. मग पडेगावला आमच्या घरामागच्या सिमेंटच्या हौदात माईक सोडला. पाच फूट लांब, चार फूट रुंद, कमरेइतकं पाणी. नळ आदल्या दिवशीच आलेला. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. लाईट गेलेली. नियमाप्रमाणं मी जागा आणि वेळ मोठ्यानं बोलले, माईकवर तीन टिचक्या मारल्या आणि तो खाली सोडला.

पंधराएक मिनिटांनी आई तांब्या घेऊन आली.

"आता काय वायरी सोडल्यास पाण्यात? पुरवून पुरवून वापरतो आपण अन् तू..."

"आई, बोलू नको ना. रेकॉर्डिंग चालूय."

"कशाचं? हौदाचं? अगं, हौद काय बोलतोय व्हय?" असं म्हणून तिनं तांब्या कठड्यावर आपटला.

पुढची चूक माझीच. फाईल उघडून न बघताच मी तिला नाव दिलं, "शांत पाणी – कोरी". आणि जेट्टीवर होणाऱ्या जनसुनावणीचं पत्रक छापायला टाकलं, त्यात ठळक अक्षरांत : "आमचं यंत्र शांत पाण्यात तपासलेलं आहे. आम्ही सगळं दाखवतो. कंपनीनंही सगळं दाखवावं!" छापायची घाई आम्हा पत्रकवाल्यांना नडते ती अशी.

सुनावणीला आठ दिवस उरले तेव्हा फाईल उघडली. पहिली बारा मिनिटं कोरी. मग रेघा. आधी फिकट, विरळ. मग गडद. मग एकमेकींना चिकटत गेलेल्या, भुलगा माशाजवळ पोचताना काढतो तशाच. एकूण सात मिनिटं. जणू काही लांबून आलं, फिरलं आणि परत गेलं... चार बाय पाचच्या हौदात!

जुनं रेकॉर्डिंग मिसळलं असेल? नाही. त्या सात मिनिटांच्या मधोमध आईचा आवाज आहे, पाण्यातून आलेला, दबका. तांब्या आपटतो तिथं रेघा थांबतात. चार सेकंद काहीच नाही. मग पुन्हा सुरू.

मी अर्शदला बोलावलं. त्यानं रेघा मागंपुढं करून पाहिल्या.

"मोटर की आवाज होगी रे."

"लाईट नव्हती."

"इन्व्हर्टर? मोबाईल?"

आम्ही सगळं करून पाहिलं. मोटर चालू, मोटर बंद, इन्व्हर्टर, मोबाईल, त्याच वेळी, तोच तांब्या. सहा दिवस, सहा फाईली. सगळ्या कोऱ्या.

मॅडमना फाईल पाठवली. त्यांचा फोन आला. "समुद्रातून आली असती तर मी डोळे झाकून भुलगा म्हटलं असतं," त्या म्हणाल्या. "पण ही जोडलीस तर कंपनी म्हणेल, यांचं यंत्रच खोटं. सगळ्या फेऱ्या वाया जातील. ठरव तू."

अर्शदनं दोन मिनिटांत ठरवून टाकलं. "उडव ना ती! सहा कोऱ्या हायेत, त्यातली एक लाव. किसको पता?"

खरं सांगते, माझं बोट डिलीटवर होतं. ती खाडी खोदली गेली तर भुलगा जाणार, आणि तो माझ्या एका हौदामुळं जाणार. मागं आई कोथिंबीर निवडत बसली होती, आमच्याच पत्रकावर. देठ बाजूला सारत तिनं ठळक ओळ मोठ्यानं वाचली.

"आम्ही सगळं दाखवतो." मग माझ्याकडं बघून, "हे कुणी लिहिलंय गं?"

"मीच."

"मग?"

फाईल जोडली. नाव तेच ठेवलं आणि खाली लिहिलं : "कोरी नाही. कारण माहीत नाही."

सुनावणीत कंपनीच्या साहेबांनी तेच पान उघडलं. "ताई, तुमच्या मराठवाड्यात हौदातपण डॉल्फिन पाळतात का?" सगळं सभागृह हसलं. मी उठून म्हटलं, "आमच्या विरोधात जाणारी फाईल तुम्हाला आम्हीच दिलीय साहेब. तुमच्या कुठल्या फाईलवर हसायचं ते सांगा, एक तरी दिलीय का?"

हसणं थांबलं. टाळ्या वगैरे पडल्या नाहीत. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी आमचं रेकॉर्डिंग बाजूला ठेवलं आणि कंपनीचं ते वाक्यही. आता वर्षभर दोन्ही बाजूंसमोर, प्रवाहाबरोबर वाहत जाऊन पुन्हा ऐकायचं. तोवर खोदकाम नाही. जिंकलो म्हणत नाही मी. पण भुलग्याला एक वर्ष मिळालं.

हौदात मी त्यानंतर कितीतरी वेळा माईक सोडला. काही नाही. कुणाकडं सरळ, तपासता येईल असं कारण असेल तर सांगा. दैवी वगैरे सांगणार असाल तर राहू द्या, ते मी अजूनही मानत नाही.

आई तर असल्या गोष्टी ऐकूनच घेत नाही. फक्त आता हौदातून पाणी काढताना ती तांब्या आपटत नाही. अलगद बुडवते, थांबते, मग उचलते. विचारलं तर म्हणते, "पाणी सांडतं म्हणून."