गुत्त्याजवळचं वाचन

महाड-पोलादपूर मोटारीचा ड्रायव्हर ख्रिस्ती होता. पूर्वी आपण भयंकर पीत होतो, हे त्यानेच मला सांगितलं होतं. वाटेत दारूचा गुत्ता लागे. तो दिसू लागला की हा टोपी मागे सारून, रानात सैतानाने येशूला मोह दाखवल्याचा उतारा खड्या आवाजात म्हणू लागे. मागे बसलेले उमरठचे लोक हसत. "गुत्ता जवळ हाय रे, ह्याचं सुरू झालं!"

मला, शाळामास्तराला, तो शेजारी बसवी. एकदा त्याचा घसा पार बसला होता. गुत्त्याच्या अलीकडे मोटार थांबवून त्याने खिशातलं शुभवर्तमानाचं पुस्तक, तोच येशूचा उतारा उघडून, माझ्या हातात ठेवलं.

"मास्तर, वाचा. मोठ्यानं."

मी ब्राह्मण, आणि मागे सगळी ओळखीची माणसं. मला रागच आला. "तुम्हाला पाठ आहे ना? मग मनात म्हणा की."

"मनात सैतानच बोलतोय, मास्तर."

तो चाक धरून बसून राहिला; मोटार काही सुरू करीना. पहिली ओळ मी वर्गात दटावतो तशा सुरात वाचली. मोटार निघाली. मागे कोणी हसलं नाही. गुत्ता मागे पडला तसं मी पुस्तक मिटलं.

"अजून थोडं," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "वास येतोय."