गाठ निघाली, साखर राहिली

माझी मोठी जाऊ आणि मी तापीकाठच्या गावात एकाच चुलीवर अठरा वर्षं रांधलं. मी तिला भाभी म्हणायचे. अंगानं भरलेली, हसरी. केळीच्या घडांवरून व्यापाऱ्याशी हुज्जत घालणारी. तिला डायबेटिस होता, पण कुणी आठवण करून दिली तरच गोळी घ्यायची.

अंघोळ करताना तिच्या हाताला स्तनातली गाठ लागली. सुरतेला ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लवकर सापडली, हे चांगलं. पण साखर, बीपी आणि पोटाचा घेर आटोक्यात आणा. पुढचं त्यावरही आहे."

आम्ही अर्धंच ऐकलं. कॅन्सरच्या धाकापुढे साखर कुणाला रोग वाटलीच नाही. घरी आल्यावर भाभी म्हणाली, "गाठ ते निंघी गयी, आते साखरले काय भ्यावानं?" भेटायला येणारी प्रत्येक बाई सांगायची, अंगात ताकद भरली पाहिजे. मग मी रोज तुपातला शिरा करू लागले. वाटी पुसून खायची ती. मला बरं वाटायचं.

जखम भरेना. केमोच्या दिवशी रक्त तपासलं की साखर चढलेली. डोस पुढे ढकलायचा, तसंच परत यायचं. असं तीनदा झालं. दोन वर्षांनी दुखणं हाडांत उतरलं. शेवटी शेवटी तिला पाणीही गिळवत नव्हतं.

ती गेल्यावर मी स्वतःला तपासून घ्यायला त्याच डॉक्टरीणबाईंकडे गेले. बसायच्या आधीच विचारलं, "माझ्या शिऱ्यानं गेली का हो ती?"

त्यांनी हातानं खुर्ची दाखवली. "एका माणसाबद्दल असं सांगता येत नाही. साखर, चरबी हाताबाहेर असली की उपचार अवघड होतात, आजार उलटायचा धोका वाढतो, एवढं खरं. आम्हीही तुम्हाला नीट बसवून समजवायला हवं होतं."

'हो' म्हणाल्या असत्या, तर एकदाचं रडून घेतलं असतं. 'नाही' म्हणाल्या असत्या, तर झोप लागली असती.

माझीही साखर काठावर निघाली. आता रोज सकाळी पाटाच्या कडेनं चालते. केळीच्या बागेपाशी मागून चपलांचा फटफट आवाज येतो, जड पावलांचा. मी वळून बघत नाही. चाल तेवढी कमी करते. तिला दम लागतो.