शेवग्याची फांदी

"अगं, चित्र सरकवायला गेलो की अडकतं. बोट पुढे जातं, चित्र तिथेच," बाबांची तक्रार होती. बाबा शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते. निवृत्तीनंतर मीच त्यांना चित्रं काढायला टॅब घेऊन दिला.

जुने फोटो काढून टाकले, टॅब बंद करून पुन्हा चालू केला. काही फरक नाही. शेवटी लेयरची यादी उघडली. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद. एका चित्राला चार-पाच पुरतात. इथे बोट दुखेपर्यंत यादी सरकवली, तरी ती संपेना.

लपवलेला एकेक कागद उघडून पाहिला. प्रत्येकावर एकच रेघ होती, अंगणातल्या शेवग्याच्या एकाच फांदीची. सगळ्यात खालची एका दमात ओढलेली, डौलदार. वर वर यावं तशी ती कापरी होत गेली होती.

"बाबा, हे काय?"

"हात थरथरतो गं. रोज एक काढून बघतो."

दर रविवारी मी येते, त्यांच्या हातचा चहा पिते. बशीवर कप वाजायचा, तो मी ऐकलाच होता की! ऐकणं आणि लक्षात येणं यांत एवढं अंतर असतं?

काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "जुन्या रेघा पुसू का? मग चित्र अडकणार नाही."

"पुसू नकोस. डॉक्टरांना दाखवायच्यात," बाबा म्हणाले. "एकट्याने जायची हिंमत होत नव्हती. येशील बरोबर?"