सगीराआपांची दोन जादा तिकिटं

समजा, तुम्ही कव्वालीच्या मैफलीबाहेर उभे आहात. हातात तीन तिकिटं आहेत आणि बसणार तुम्ही एकटेच. उरलेली दोन विकायची, तीही छापील किमतीलाच. कुणाला हाक माराल? आणि समोरून पोलीस आला, तर तिकिटं पुढं कराल की पिशवीत लपवाल?

सगीराआपा स्वतःहून पोलिसाकडे गेल्या.

शहागंजात त्यांच्या वरच्या खोलीत मी भाड्यानं राहतो. खाली त्यांचं शिवणयंत्र चालतं. शाळेचे गणवेश शिवतात. कापड वीतभर उरलं तरी गणवेशाच्या घडीत घालून परत देतात. दुसऱ्याचं काही घरात राहिलं तर त्यांना झोप लागत नाही. शौक एकच, कव्वाली. पाय यंत्रावर आणि ओठांवर कव्वाली.

मैफलीची तिकिटं मीच मोबाइलवरून काढून छापून आणली होती. एक आपांचं, दोन लासूर स्टेशनला राहणाऱ्या त्यांच्या बहिणीची आणि मेहुण्यांची. मैफलीच्या दिवशी दुपारी बहिणीचा, मेहरुन्निसाचा, फोन आला. मुलीला बघायला पाहुणे येतायत, तिकिटं फाडून टाक म्हणाली. माझी शेंद्र्याच्या कारखान्यात रात्रपाळी होती, त्यामुळं मीही बाद. पण गाणाऱ्यासमोर रिकाम्या खुर्च्या ठेवणं आपांना मंजूर नव्हतं. जेवायला बोलावल्यावर ताटावरून उठून जाण्यासारखंच ते, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही खुर्च्या भरायच्या आणि हम्द, म्हणजे सुरुवातीची ईशस्तुती, सुरू होण्याआधी आपण आत असायचं, असं त्यांनी ठरवूनच टाकलं.

मी त्यांना स्कूटरवरून आमखास मैदानावर नेलं. तिकीट खिडकी बंद झाली होती आणि बाहेर भरपूर गर्दी होती. मला वाटलं, तिकिटं लगेच जातील. पण आपांनी छापील किंमत सांगितली की माणूस तिकीट उलटंपालटं करून बघायचा आणि पुढं निघून जायचा. पलीकडं एकजण हीच तिकिटं दुपटीनं विकत होता आणि त्याच्याभोवती घोळका होता. एका गृहस्थानं तर आपांना तोंडावर सांगितलं, एवढी स्वस्त म्हणजे नकली असणार.

आतून तबला जुळवल्याचा आवाज येऊ लागला. थोडं वाढवून सांगा, म्हणजे लोकांचा विश्वास बसेल, असं मी सुचवलं. त्यावर आपांनी माझ्याकडं असं बघितलं की मी गुपचूप स्कूटरचा आरसा पुसायला लागलो. तेवढ्यात आपा बंदोबस्तावरच्या एका हवालदारासमोर जाऊन उभ्याही राहिल्या.

"साहेब, ही जादा तिकिटं विकणं गुन्हा आहे का?"

हवालदारानं काठी काखेत धरली आणि तिकिटं हातात घेतली. "मावशी, लई बंदोबस्त केले. पण इकणारं माणूस सोताहून इचारायला आलेलं पहिल्यांदाच बघतोय."

छापील किमतीच्या वर घेतलं की ब्लॅक, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. घेतल्या किमतीला देणाऱ्याला आपण तरी कधी धरलं नाही, असंही ते म्हणाले. आपांनी तिकिटाच्या खालची बारीक अक्षरं दाखवली, तिकीट दुसऱ्याला देऊ नये अशी. ती आयोजकांची अट, फाटकावर त्यांनी अडवलं तर आपल्या हातात काही नाही, म्हणाले.

पोलिसाच्या हातात तिकिटं बघून एक जोडपं थांबलं होतं. करमाडचे बिरू आणि कस्तुराबाई. पोलिसानं तपासलेलं म्हणजे खरंच असणार, असं बिरू बायकोला हळूच म्हणाला. आपांनी बारीक अक्षरांची अट त्यांनाही सांगितली, आणि आधी पैसे घेतलेच नाहीत. तिघं मिळून फाटकावर गेली. तिथल्या माणसानं तिकिटांवर यंत्र धरलं, ते वाजलं, त्यानं आत सोडलं, मग आपांनी पैसे घेतले.

"ह्या बाईनं शेळी इकली असती, तर आधी दूध काढून दाखवलं असतं," कस्तुराबाई म्हणाल्या. मेंढरांत आणि शेळ्यांतच वाढलेल्या त्या, यापेक्षा मोठी पावती त्यांच्याकडं नसावी. भावासाठी आणलेला घरच्या तुपाचा डबा, भाऊ न भेटल्यानं, हातातच होता. तो त्यांनी आपांच्या पिशवीत कोंबला. आपा नको नको म्हणताहेत तोवर आत हम्दचा पहिला सूर लागला आणि तिघंही खुर्च्यांकडं धावली.

मैफल लई रंगली म्हणे. डबा मात्र अजून शिवणयंत्राशेजारी तसाच आहे, झाकण न उघडलेला. काल मी भाडं द्यायला गेलो, तर आपांनी मला थांबवून घेतलं.

"बेटा, तू इंजिनिअर ना, मग सांग. पैसे मी छापीलच घेतले. पण वर हे तूप आलं. आता हे ब्लॅक झालं का?"