आबांच्या ओळी

माझे वडील, म्हणजे आमचे आबा, रिटायर झाल्यावर कार्ल्यातल्या विहाराचं वाचनालय सांभाळायचे. वाचनालय म्हणजे दोन कपाटं. त्यातल्या एकाला वाळवी लागली तेव्हा त्यांनी हट्टानं पानापानाचे फोटो काढून सगळी पुस्तकं कॉम्प्युटरवर चढवली आणि ती लावून ठेवणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर कुणाकडून तरी घालून घेतलं.

वाचनालयाचा नियम एकच. पुस्तक परत करताना शेवटच्या पानावर आपल्याला काय वाटलं ते एका ओळीत लिहायचं; वाचलं नसेल तर लिहायचं नाही. कॉम्प्युटरवर शेवटचं पान कुठून आणणार? म्हणून आबा आपली ओळ सॉफ्टवेअरमधल्या माहितीच्या रकान्यात लिहायचे.

गेल्या वर्षी आबा गेले आणि तो कॉम्प्युटर सांभाळणं माझ्याकडे आलं. तो कार्ल्याला आईच्या घरीच आहे; मी रविवारी तिथे जाते. मी वराळ्याला राहते, जवळच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. लेबल चुकीचं दिसलं की माझं डोकं सणकतं, आणि इथे तर सगळंच चुकीचं होतं. आबांनी लेखकाच्या जागी पुस्तक देणाऱ्याचं नाव घातलं होतं. कोंबड्या पाळण्याच्या पुस्तकाचे लेखक आमचे पिठाच्या गिरणीवाले! ज्यानं दिलं त्याचं नाव आधी, असं आबांचं म्हणणं. ते असताना यावरून आमचं वाजलंही होतं.

एका रविवारी दुपारी मी सगळी पुस्तकं एकदम निवडली, 'जुनी माहिती काढून इंटरनेटवरून नवी आणा' यावर खूण केली आणि चहा ठेवायला गेले. येऊन बघते तर बरेच लेखक आपापल्या जागी, मुखपृष्ठं रंगीत, दोन-तीन भलत्याच पुस्तकांची. गिरणीवाले गेले होते. मग एक पुस्तक उघडलं. आबांच्या ओळीच्या जागी प्रकाशकाची जाहिरात होती. दुसऱ्यात काहीच नव्हतं, रकाना कोरा. मागे फिरायची सोय नव्हती. खरं सांगायचं तर त्यातली एकही ओळ मी तोवर वाचलेली नव्हती. पण घाबरले.

कारण आई. ती आबांच्या टॅबवर अक्षर मोठं करून वाचते. आधी त्यांची ओळ, मग पुस्तक. ती शेजारी गेल्यावर मी टॅब उघडला. ओळी तिथे जशाच्या तशा होत्या. हे सॉफ्टवेअर बदल करतं ते आपल्या यादीत. टॅबवर आधी गेलेल्या प्रतीला ते हात लावत नाही. मात्र टॅब जोडला की नवी माहिती तिथेही चढते, न विचारता. मी जोडायची वायर पर्समध्ये टाकली आणि वराळ्याला घेऊन आले.

पुढचे तीन रविवार मी आईशी खोटं बोलले. तिला नवं पुस्तक हवं होतं आणि माझी वायर बिघडलेली होती, मग दुकान बंद होतं, मग मी विसरले होते. तेवढ्या वेळात टॅबवरची एकेक ओळ वहीत उतरवून घेत होते. 'शेवट पटला नाही, बाईनं थांबायला नको होतं.' 'विहिरीचं बरोबर आहे, पण आमच्या मुरमात चालणार नाही.' एका जाड कादंबरीवर नुसतं, 'रडवलं लेकाच्यानं.' माझे आबा रडायचे, हे मला माहीतच नव्हतं.

सगळ्या ओळी सॉफ्टवेअरमध्ये परत टाइप केल्या. उरली अठ्ठावीस पुस्तकं, जी टॅबवर नव्हतीच. त्यांच्या ओळी माझ्या हातून कायमच्या गेल्या होत्या. चौथ्या रविवारी आई वाल सोलत बसली होती, तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. तिनं सोलायचं थांबवलं नाही. कुठली पुस्तकं, एवढंच विचारलं. मी नावं वाचून दाखवली.

"त्येंच्यावर कायबी लिव्हलं न्हवतं," ती म्हणाली. "टॅबात घेतल्याबिगर ते वाचत न्हवते, आन् वाचल्याबिगर लिव्हत न्हवते. तितवर पोचायच्या आदीच गेले."

म्हणजे ते रकाने आधीपासूनच कोरे होते. माझ्या हातून काहीच गेलं नव्हतं. हायसं वाटायला हवं होतं, पण मला भडभडून आलं. आबा गेले तेव्हासुद्धा मी इतकी रडले नव्हते.

आईनं पदराला हात पुसले आणि टॅब माझ्याकडे सरकवला. "त्यातलं येक घाल," म्हणाली, "आन् आदी तू वाच."

मी कोंबड्यांचं घेतलं. लेखकाच्या जागी गिरणीवाल्यांचं नाव परत घातलं. निम्मं वाचून झालंय. आई दर रविवारी रकाना उघडून बघते, आणि मी अजून काही लिहिलेलं नाही.