एका बोटीची दिवाळी

आमच्या घरात जोडायचं काम त्यांचं आणि रंगवायचं माझं, अशी वाटणी होती. माझे यजमान जळगावच्या एका जिनिंग कारखान्यात नकाशे काढायच्या कामावर होते. त्यांचा मामेभाऊ मालवाहू बोटीवर नोकरीला होता. तो मुंबईला उतरला की वर्षा-दीड वर्षानं आमच्याकडे यायचा आणि विलायतेहून एखादी पेटी आणायचा. पेटीवर विमानाचं रंगीत चित्र असायचं. आत मात्र राखी प्लॅस्टिकचे बारीक बारीक तुकडे, काड्यांना लटकलेले. ते तुकडे सोडवायचे, घासायचे, चिकटवायचे आणि मग रंगवायचे, की चित्रातलं विमान हातावर उभं राही.

चिकटवायचा डिंक नळीत असे. त्याला पिकल्या केळ्यांचा वास यायचा. आम्ही दोघंही असोद्याचे, केळीच्या बागांत वाढलेले. पहिल्यांदा नळी उघडली तेव्हा हे म्हणाले, "घ्या! केळ्यांपासून सुटका म्हणून शहरात आलो, तर इथंही केळीच."

ते जोडत असताना मी समोर बसायची. चिकटवलेले दोन भाग वाळेपर्यंत धरून ठेवायचे असत, ते मी धरायची. डिंक कुठे जास्त लागून ओघळला, तर ते मान वर करून माझ्याकडे बघत. मी म्हणे, "राहू द्या, रंगात झाकून टाकते." अशी तीन विमानं झाली. चौथी पेटी बोटीची होती. ती उघडायच्या आधीच त्यांना विषमज्वर झाला आणि त्यातून ते उठले नाहीत.

विमानं सासूबाई असोद्याला घेऊन गेल्या. मी धुळ्याला येऊन शिक्षिकेचं शिक्षण पुरं केलं, मुलींच्या शाळेत लागले आणि देवपूरला एक खोली घेतली. बोटीची पेटी माझ्या ट्रंकेत साड्यांच्या खाली होती. ती मी बरोबर का आणली हे मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

ती उघडली गेली एका दिवाळीच्या सुट्टीत. त्या वर्षी धाकट्या नणंदेचा दिवाळसण होता. नवा जावई घरात, ओवाळणी, पाहुणे. अशा वेळी मी समोर आले की बायकांचं बोलणं थांबतं, हे मला ठाऊक झालं होतं. शाळेचं काम आहे असं कळवून मी धुळ्यालाच राहिले. शाळेतल्या बाकीच्या बाया आपापल्या गावी गेल्या. घरमालकही सहकुटुंब नाशिकला गेले. सकाळी दूधवाला येऊन गेला की दिवसभर माझ्याशी बोलणारं कुणी नसे. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी मी ट्रंकेत डांबराच्या गोळ्या टाकायला बसले, पेटी हाताला लागली, आणि उन्हात बसून मी तिचं झाकण काढलं.

नळीतला डिंक दगड झाला होता. मी शाळेतला साधा डिंक लावून पाहिला. वाळल्यावर तुकडे टकटक करत सुटून पडले. सायकलच्या दुकानातून पंक्चरचं सोल्युशन आणलं, तेही धरेना. पेटी परत ठेवून द्यावी असं वाटलं, पण पसारा आवरवेना. घरात काहीतरी अर्धं पडलेलं आहे, एवढ्यानंही जरा बरं वाटत होतं.

पुढे एकदा भाजी आणायला पूल ओलांडून गावात गेले. टॉकीजच्या मागच्या बोळातून येताना एकदम पिकल्या केळ्यांचा वास आला. फळांची गाडी कुठंच नव्हती. वास वरून, मशीनच्या खोलीच्या उघड्या दारातून येत होता. मी पिशवी घट्ट धरून लोखंडी जिना चढले. आत एक पिकल्या मिशांचे ऑपरेटर तुटलेली फिल्म चिकटवत बसले होते.

"तिकीट खाले भेटस, ताई," ते मान वर न करता म्हणाले.

"तिकीट नको, नाना. तुम्ही लावताय ते काय आहे?"

"हाई? फिल्म जोडानं सोल्युशन शे. कसाले?"

मी पिशवीतून काही काढून दाखवू शकत नव्हते, म्हणून हातांनी सांगितलं. एवढी बोट, प्लॅस्टिकची, तिचे तुकडे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पोरगासाठे का?"

"नाही. माझ्याचसाठी."

वाटलं, आता हसतील. ते हसले नाहीत. औषधाची रिकामी बाटली शोधून त्यांनी तिच्यात थोडं ओतलं, बूच घट्ट दाबलं आणि म्हणाले, "थोडंच लावजो. जास्ती लावं ते बठ्ठं पघळी जाई."

घरी येऊन दोन तुकड्यांवर लावून पाहिलं. दाबून धरलं, बोटं हलू दिली नाहीत. सोडलं तर तुकडे एकजीव झाले होते. मी ते उगाच खिडकीशी नेऊन उजेडात पाहिले. कुणाला तरी हाक मारावी असं झालं. अंगणात घरमालकांची तुळस होती आणि दाराला कुलूप.

मग मी रोज सकाळपासून बसू लागले. सोबतचा कागद इंग्रजीत होता. पूर्वी ते वाचून सांगत, आता मी शब्दकोश घेऊन वाचला. जोडणाऱ्याला दोन हात पुरत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. एका हातात भाग, दुसऱ्यात ब्रश, आणि धरणारं कुणी नाही. मी केसांच्या आकड्यांनी भाग अडकवले, शिवणाच्या दोऱ्यानं बांधले. एकदा घाईत अंगठा ओल्या जागी टेकला आणि बोटीच्या कुशीवर माझा ठसा उमटला, रेघांसकट. घासला तरी गेला नाही. त्यावर मी चक्क रडले. एवढ्याशा गोष्टीला रडावं असं काही नव्हतं, पण त्यांच्या मागे सगळ्यांच्या देखत रडायचे दिवस संपल्यावर मी रडलेच नव्हते.

रंगांच्या डब्या सुकल्या होत्या. पाट्या रंगवणाऱ्याकडून उरलेला तेलरंग वाटीभर आणला. त्याच्याकडे तांबडा आणि हिरवाच होता. चित्रातली बोट काळी-पांढरी. हे असते तर म्हणाले असते, चित्राप्रमाणेच हवं, थांबू. मी थांबले नाही. खालचा भाग तांबडा केला, वरचा हिरवा. ठशावर दोन हात जास्त दिले. आता चूकही माझी आणि झाकणंही माझंच.

सुट्टी संपायच्या बेतात बोट पुरी झाली. मी ती टेबलावर ठेवली आणि समोर बसून चहा प्याले. समुद्र मी तोवर पाहिला नव्हता. फार आनंद झाला असं नाही. काम संपलं, आता उद्या काय, एवढंच मनात आलं.

दोन दिवसांनी सासूबाई अचानक आल्या. फराळाचा डबा घेऊन एकट्या एस.टी.नं आल्या होत्या. पाय धुऊन आत आल्या आणि टेबलाशी थबकल्या.

"हे त्यानं केलेलं हाये का?"

"नाही आत्याबाई. मी केली. सगळी मीच."

त्यांनी बोट उचलली. खाली-वर करून पाहिली. अंगठ्याच्या ठशावरून त्यांचं बोट फिरलं. मग म्हणाल्या, "मले दे. त्याच्या फोटोपाशी ठेवते, विमानाईसंगं."

त्यांना मी आजवर कशालाही नाही म्हटलं नव्हतं. विमानं नेली तेव्हाही नाही. माझ्या तोंडून निघालं, "ही इथंच राहू द्या, आत्याबाई. ही माझी आहे."

मी घाबरून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी बोट होती तशी जपून ठेवली, डब्याचं झाकण काढलं आणि माझ्या हातावर करंजी ठेवली. "खाय," म्हणाल्या. "हात पहाय कसे झाले तुहे. रंगानं भरले."

सकाळी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. गाडीत बसल्यावर खिडकीतून त्या म्हणाल्या, "पुढच्या दिवाळीले येकटी राहू नको. लोकं बोलतीन ते बोलू दे."

पुढच्या दिवाळीला मी असोद्याला गेले. लोक बोलले. ओवाळणीच्या वेळी मी स्वयंपाकघरात बसले, तेव्हा सासूबाईही उठून माझ्याजवळ येऊन बसल्या आणि भाजी चिरू लागल्या. मामेदीर आले होते. त्यांनी संकोचानं विचारलं, "वहिनी, एक पेटी पडून आहे, नेता का?" ती घेऊन मी सुट्टी संपायच्या आधीच धुळ्याला परतले. खोली आठवडाभर बंद होती. खिडकी उघडली, टेबलावरची धूळ पुसली आणि उजेड होता तोवर नव्या पेटीतला कागद वाचत बसले.