मामांनी गाडीचा घसा साफ केला

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या इंदिरानगरात धुराचा सर्वांत कट्टर शत्रू राहतो आणि परिसरातला सर्वांत काळा धूर त्याच्याच गाडीतून निघतो. हे गृहस्थ म्हणजे माझ्या बायकोचे मामा. सगळी नोकरी एकलहऱ्याच्या कोळशाच्या वीज केंद्रात, चिमणीच्या धुरावर पहारा देण्यात झाली आणि निवृत्त होताना ते निम्मं केंद्र सोबत घरी घेऊन आले. त्यांच्याकडे गीझर बिघडत नाही, 'युनिट ट्रिप' होतं. पोळ्यांना उशीर झाला की मामा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून "जनरेशन कमी पडतंय" म्हणतात आणि आतून लाटणं दिसलं की स्वतःच ट्रिप होतात. साधा पंखा पुसायचा तरी आधी मेनस्विच बंद, मग त्यावर पाटी: 'माणूस काम करीत आहे. चालू करू नये.' ज्याने पाटी लावली त्यानेच ती काढायची, हा केंद्रातला नियम. एकदा मामा पाटी लावून भाजी आणायला गेले आणि बाजारात जुना सहकारी भेटला. ते परत येईपर्यंत अख्खं घर भर उन्हाळ्यात वर्तमानपत्रांनी वारा घेत बसलं होतं, पण पाटीला हात लावायची कुणाची छाती झाली नाही.

त्यांची डिझेल गाडी एके काळी पांढरी होती, असं जाणकार सांगतात. तिच्यातून मुलीची पाठवणी झालेली, त्यामुळे मामांचा तिच्यावर जीव. पण मागच्या खेपेला मामींना माहेरी, सिन्नरला, नेताना मोहदरी घाटात तिने असा धूर सोडला की मागच्या मोटारसायकलवाल्याने भर दुपारी दिवा लावला. मग तिने चढणंच सोडून दिलं. शेजारून माणसं, पोती आणि एक बोकड घेतलेली काळीपिवळी जीप सुळकन वर गेली. मामी लाडवांचा डबा घेऊन खाली उतरल्या, पुढची काळीपिवळी थांबवली आणि आत बसून म्हणाल्या, "तुम्ही या मागून. जमलं तर."

घरी परतल्यावर निकाल लागला. "घाट चढत नसंल तर भंगारात द्या. मी काय त्यात पुन्हा बसायची नाय!" पुण्याच्या मुलाने तत्परतेने भंगारवाला ठरवला. तो सोमवारी येणार होता. शनिवारी सकाळी मामांनी दुरुस्तीसाठी गाडीचं 'शटडाऊन' जाहीर केलं.

"जावईबापू, ही गाडी आपलाच धूर थोडा परत गिळते," बॉनेटमध्ये डोकं घालून मामा मला सांगू लागले. "त्यात तेलाची वाफ मिसळली की डांबर. हवेची वाटच बुजते. बघा!" मी टॉर्च मारला. हवा आत घेणाऱ्या त्या नळकांड्यात काजळीचा असा थर होता की मधून पेन्सिलही मुश्किलीने गेली असती. एवढ्याशा भोकातून श्वास घेऊन मीसुद्धा मोहदरी चढलो नसतो.

मामांनी इंजिनाच्या तोंडात फडक्यांचे बोळे कोंबले, कचरा आत पडू नये म्हणून. नळकांडं सोडवून डिझेलमध्ये भिजवलं आणि मामींच्या लाकडी उलथण्याने खरवडायला घेतलं. पण त्याआधी त्यांच्या हातून एक घोडचूक झाली होती. काम करणाऱ्याने किल्ली स्वतःकडे ठेवायची नाही, हाही केंद्रातलाच नियम. तो पाळून मामांनी गाडीची किल्ली समारंभपूर्वक मामींच्या हवाली केली. फाशी देणाऱ्याकडेच माफीचा अर्ज!

दुपारी मामा नळकांडं घेऊन विजयी मुद्रेने स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहिले. "काम पूर्ण. आता बसवतो, किल्ली काढून ठेवा."

"आधी दाखवा."

मामींनी कढई तपासावी तसं त्या नळकांड्यात बोट फिरवलं. बोट काळं निघालं.

"सुनेनं अशी कढई ठेवली असती तर चाललं असतं तुम्हाला? परत घासा."

ज्या माणसाचं काम केंद्रात कधी नापास झालं नाही, तो पुन्हा पाटावर बसला. दुसऱ्यांदाही बोट काळं. तेव्हा मात्र मामींनी पदर खोचला, काथ्या आणला आणि "सरका तिकडं" म्हणत शेजारी बसल्या. मग पोर्चमध्ये ती दोघं काळ्या हातांनी घासत बसली, भांडत, मध्येच हसत. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मी टॉर्च विझवला.

रविवारी सकाळी जोडणी झाली. सगळे बोळे निघाल्याची खात्री मामांनी स्वतः केली, मग मला करायला लावली. मामींनी किल्ली दिली. गाडी खोकली, एक काळा ढग सोडला आणि नंतर असा स्वच्छ श्वास घेऊ लागली की शेजारी बाहेर आले. मामी पुढच्या सीटवर बसल्या. "बसले म्हणजे मानलं असं नाय. घाटात बघू." मी मागे, साक्षीदार म्हणून.

घाट सुरू झाला. मामा बाजूलाही बघेनात. चढ लागला, गाडीने आवाज बदलला, पण वेग सोडला नाही. पुढे एक काळीपिवळी धापा टाकत होती. मामांनी हॉर्न दिला आणि तिला मागे टाकलं. मामींनी काच खाली केली. वाऱ्यावर केस उडत होते, ते त्यांनी आवरले नाहीत. माथा आला, पलीकडे सिन्नरच्या कारखान्यांची पत्र्याची छपरं चमकू लागली. मी मागून आरशात पाहिलं, तर मामांचे डोळे भरलेले. ते लपवायला त्यांनी गाडी आणखी दामटली. तेवढ्यात, माहेरचं नाव निघालं की एरवी पायांत चाकं येणाऱ्या आमच्या मामी एकदम ओरडल्या,

"अहो, हळू घ्या जरा! एवढ्यात सिन्नर येईल!"